जमिनीत सापडणारी जुनी नाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातवाहनकाळात सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघणारा व्यापारी मार्ग आजच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे, आणि राणी नागनिकेचा मानल्या जाणाऱ्या त्या घाटातील शिलालेखात यज्ञाची दक्षिणा म्हणून दिलेल्या कार्षापणांच्या, म्हणजे तत्कालीन नाण्यांच्या, संख्याही नोंदवलेल्या आहेत. अशा मुलखात शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना एखादे जुने नाणे हाती लागणे अशक्य नाही. परंतु त्या नाण्याचे मोल कशात असते आणि ते सापडल्यावर काय करावे, याविषयी ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाड तालुक्यांसह सर्वत्र अनेक चुकीच्या समजुती रुजल्या आहेत.

गैरसमज : नाणे जितके जुने तितकी त्याची किंमत अधिक.

वस्तुस्थिती : किंमत वयावर नव्हे, तर दुर्मीळता, अवस्था आणि अस्सलपणा यांवर ठरते. तांब्याची शिवराई छत्रपती शिवाजी महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, मोठ्या संख्येने आणि अनेक ठिकाणी पाडली गेल्यामुळे तिचे सामान्य नमुने आजही सहज मिळतात. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. राम-सीता किंवा हनुमान यांच्या आकृती आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ अशी अक्षरे असलेले तुकडे कंपनीचे चलन नव्हतेच. जुनी नाणी लाखोंना विकत घेऊ असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्या जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जनतेला सावध केले असून, आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यांसाठी कोणाला अधिकारही दिलेला नाही, हे स्पष्ट केले आहे. तांदूळ ओढणारे ‘चमत्कारी’ तांब्याचे नाणे ही तर उघड फसवणूक आहे.

गैरसमज : धातुशोधक यंत्र जमिनीतले सोने अचूक दाखवते.

वस्तुस्थिती : या यंत्राच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद यंत्र टिपते, त्यामुळे नाणे, खिळा आणि बाटलीचे झाकण या साऱ्यांवर ते वाजते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी त्याची पोहोच सामान्यतः वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक असते, आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील लोहयुक्त खनिजांमुळे येथील जमिनीत खोटे संकेतही बरेच उमटतात. शंभर फूट खोलीवरचा हंडा दाखवणारे म्हणून विकले जाणारे यंत्र या तत्त्वावर चालूच शकत नाही.

गैरसमज : वादळानंतर किनाऱ्यावर नाणी उघडी पडतात, तशी पुरानंतर नदीपात्रातही पडतात, म्हणून ऐन पावसात शोध घ्यावा.

वस्तुस्थिती : किनाऱ्यावर उसळत्या लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड धातू एका थरात साचतो, म्हणून परदेशांतील नाणी शोधणारे छांदिष्ट वारा, भरती आणि वादळ यांवर नजर ठेवतात. शहापूर-मुरबाडला समुद्र नाही. येथे काळू आणि भातसा या नद्या घाटाच्या तीव्र उतारावरून येतात, त्यामुळे गावात पाऊस नसतानाही माथ्यावरच्या सरीने पात्र अचानक भरू शकते. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता असता हवामान विभाग साधारणपणे ‘रेड अलर्ट’ देतो. अशा वेळी ओढ्यात उतरणे जिवावर बेतू शकते. विजांचा गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

गैरसमज : ज्याला सापडले, त्याचेच ते.

वस्तुस्थिती : 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे आणि ती न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र हा कायदा प्रामाणिक शोधकर्त्याला वाऱ्यावर सोडत नाही : निधी बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो, आणि शासनाने तो संपादित केल्यास धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

गैरसमज : चिंच किंवा राख लावून घासलेले नाणे अधिक मोलाचे होते.

वस्तुस्थिती : घासल्याने पृष्ठभागावरचा जुना थर आणि पुसट अक्षरे कायमची जातात. त्याहून मोठी हानी नाणे जागेवरून उचलून सोबतच्या वस्तूंपासून वेगळे केल्याने होते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपात केलेल्या उत्खननात अवशेषांसोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले आणि त्याच्या आधारे त्या ठेव्याच्या काळाचा अंदाज बांधता आला. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा उमटवला होता, आणि या संचाने क्षत्रपांवरील त्याच्या विजयाचा सबळ पुरावा दिला. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर हा पुरावा कायमचा विखुरला असता.

म्हणून शेतात नाणे दिसल्यास खणणे थांबवावे, नाणे न घासता जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली आणि सोबतच्या खापरांची नोंद करावी आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. शोधकर्त्याचा कायदेशीर वाटा आणि या मुलखाचा इतिहास, दोन्ही त्यानेच सुरक्षित राहतात.