नमुना आमचा, लस कोणाची?

साथ आली की लस आधी कोणाला मिळते, आणि ते ठरवतं कोण? आज आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. प्रश्न जगाचा आहे, पण आपल्या गोठ्यापर्यंत आणि खुराड्यापर्यंत येणारा आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा आपल्याकडे माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही. इंडोनेशियात मात्र त्याच रोगाने माणसं दगावत होती.

अशा वेळी एक जुनी पद्धत होती. आजारी माणसाच्या घशातला नमुना देशाने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांकडे पाठवायचा, तोही फुकट. तिथे विषाणू तपासला जायचा आणि त्यावरून लस तयार करण्याचं काम सुरू व्हायचं. इंडोनेशियानेही नमुने पाठवले. मग त्यांना कळलं, की त्यांच्याच नमुन्यातल्या विषाणूवरून ऑस्ट्रेलियातली एक कंपनी लस बनवत आहे. ती लस विकतच घ्यावी लागणार होती. शिवाय साथ जगभर पसरली, तर श्रीमंत देशांनी आधीच मागणी नोंदवून ठेवलेली. म्हणजे रांगेत इंडोनेशिया शेवटी.

तिथल्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी, पेशाने हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या सरकारने २००७ च्या सुरुवातीला नमुने देणं थांबवलं. आम्ही विषाणू देतो, तर लसीत आमचाही वाटा ठरवा, असं त्यांचं म्हणणं. यावर जगभर वाद झाला. नमुने अडवले तर विषाणू कसा बदलतो आहे हे कळणार नाही आणि सगळ्यांनाच धोका होईल, असं अनेक शास्त्रज्ञ म्हणाले. तेही खोटं नव्हतं. पण ज्याच्याकडे पैसा नाही, कारखाना नाही, त्याच्या हातात नमुन्याशिवाय होतं तरी काय?

वाटाघाटी चार वर्षं चालल्या. मे २०११ मध्ये सर्व देशांनी एक नियमावली मान्य केली. देशांनी नमुने द्यायचे. त्यांचा उपयोग करणाऱ्या कंपन्यांनी दरवर्षी ठरलेला निधी द्यायचा आणि साथ आली तर लसीचा किंवा औषधांचा काही भाग जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखायचा. मात्र ही नियमावली फक्त फ्लूपुरती होती.

मग कोरोना आला. त्याच्यासाठी असा कुठलाच करार नव्हता. श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येला पुरून उरतील एवढ्या लसी आगाऊ नोंदवल्या. गरीब देशांसाठी कोव्हॅक्स ही योजना निघाली. तिची मोठी भिस्त आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि लसीची निर्यात थांबली. घरात माणसं तडफडत असताना दुसरं काय करणार, असं आपल्याला वाटलं. पण आफ्रिकेतली माणसं दुसऱ्या डोसची वाट पाहत राहिली, हेही तितकंच खरं. लस ज्याच्या दारात, त्याच्या घरी ती आधी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती जगाला लगेच दिली. बदल्यात काय मिळालं? दोन-तीन दिवसांत कितीतरी देशांनी त्यांची विमानं बंद केली. खरं सांगणाऱ्याला असा दंड बसला, तर पुढच्या वेळी लवकर कोण सांगेल?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत साथरोग करार मंजूर झाला. १२४ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ राहिले. अमेरिका त्या वेळी संघटनेतून बाहेर पडण्याच्या वाटेवर होती. करारात सामील होणाऱ्या कंपन्यांनी साथीच्या काळात लस, औषधं आणि तपासणी किट यांच्या उत्पादनातला २० टक्के वाटा संघटनेला उपलब्ध करून द्यावा आणि त्यातला निदान निम्मा दान म्हणून द्यावा, असं त्यात आहे. पण नमुने कसे द्यायचे आणि वाटा कसा मिळायचा, याचे बारकावे पुढच्या परिशिष्टावर सोडले. सगळी ताणाताणी तिथेच आहे.

आपल्या गटात आपण काय करतो? कर्ज कोणाला, किती, कोणत्या क्रमाने, हे अडचण येण्याआधी बैठकीत ठरवतो आणि इतिवृत्तात लिहितो. अडचण आल्यावर ठरवायला बसलो, तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच चालते. देशांचंही तसंच आहे.

बर्ड फ्लू आल्यावर सरकार ज्या कोंबड्या मारतं, त्यांची भरपाई देतं. ती का? पाळणारीने मरतूक लपवू नये म्हणून. कळवणारी बाई बुडता कामा नये, एवढी ही साधी समज आहे. म्हणून खुराड्यात अचानक मरतूक दिसली, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि भरपाईचा नियमही तिथेच विचारून घ्या. माहिती देणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि तिचा मोबदला विचारणं हा आपला हक्क आहे.