खिडकी उघडा, मग कूलर लावा!

मुलांनो, एप्रिल लागला की आमच्या वाशीममध्ये गल्लोगल्ली टिनाचा ठणठणाट ऐकू येतो. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. कुणी टाकी घासतंय, कुणी नव्या ताट्या बसवतंय, कुणी पंख्याला तेल देतंय. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की कूलरशिवाय आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं पान हलत नाही.

पण हा कूलर कसा वापरायचा, ते मलाही पूर्वी कळत नव्हतं बरं का! आमच्याकडे पहिला कूलर आला त्या रात्री मी मोठ्या हुशारीने सगळ्या दारं-खिडक्या लावून घेतल्या. गार हवा बाहेर जायला नको ना! अर्धा तास मजेत गेला. मग अंग चिकचिक करू लागलं, अंथरूण ओलसर लागू लागलं, जीव घुसमटला. शेवटी शेजारच्या आजी आल्या नि म्हणाल्या, "अवं बाई, मागचं दार तं उघड आधी!" दार उघडलं आणि पाच मिनिटांत झोप लागली.

एवढी मोठी डी.एड. झालेली मी, आणि विज्ञान शिकवून गेल्या आजी!

असं का झालं? माठ आठवा. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. म्हणून आतलं पाणी गार. कूलर म्हणजे वारा देणारा माठच. त्याच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या असतात. मोटर त्यांच्यावर पाणी सोडते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून ओढतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना किती उष्णता लागते माहीत आहे? तेवढ्या उष्णतेत बर्फासारखं गार असं ५ लिटरहून जास्त पाणी उकळायला लागेल!

मात्र ती वाफ खोलीतच कोंडली, तर हवा दमट होते. दमट हवा आणखी पाणी पीत नाही, आणि आपला घामही वाळत नाही. म्हणून कूलर खिडकीबाहेर ठेवायचा, म्हणजे त्याला कोरडी हवा मिळते, आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवायची.

घरी एक प्रयोग करून बघा. दोन थर्मामीटर घ्या. (तापाचे नकोत हं, भिंतीवर लावायचे.) एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २२ अंशांच्या आसपास उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २९ पर्यंतच येतो. कूलर कितीही चांगला असला तरी या ओल्या आकड्याच्या खाली जात नाही. आता कळलं ना, मुंबईच्या मावशीकडे कूलर का नसतो? आपल्याकडेही जूनमध्ये ढग आले की कूलर रुसतो. तेव्हा मोटर बंद करून नुसता पंखा चालवावा.

ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी याच्या बरोबर उलट करायचं. एसी खोलीतलीच हवा फिरवून तिच्यातली उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. म्हणून दारं-खिडक्या बंद हव्यात. १८ अंशांवर ठेवला म्हणून खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. २४ वर ठेवा, सोबत छताचा पंखा मंद लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, की १ अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. घरगुती कूलरला साधारण २०० वॅट लागतात, म्हणजे ५ तासांत १ युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असेल तर ५ तासांत ७ युनिटही खाऊ शकतो. आईबाबा बिल बघून का दचकतात, ते वहीत गुणाकार करून पाहा.

कूलर वीज कमी खातो, पण पाणी पितो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचीच ओढ. म्हणून आधी छतावर चुना मारा, दुपारच्या उन्हाच्या खिडक्यांना पडदे लावा. खोली मुळातच कमी तापली तर कूलरही कमी वेळ लागेल. टाकी मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायचीच, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ते पाणी झाडांना घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी टाकी, पाणी आणि वीज एकाच ठिकाणी! दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुलंही असतात. चालू कूलरला हात लावायचा नाही. ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी जवळ जायचं नाही. पाणी मोठ्या माणसांनीच भरायचं, तेही प्लग काढून. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. आईबाबांनो, तीन पिनांचा प्लग आणि घरातलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या एका चिमुरड्याने घरी जाऊन पुठ्ठ्याची पाटी केली आणि कूलरच्या पाण्याच्या पाइपला सुतळीने बांधली. त्यावर लिहिलंय, "बाबा, आधी प्लग!" त्याची आई सांगत होती, की बाबा आता पाटी वाचल्याशिवाय पाइप उचलतच नाहीत.