वॉट्सन, चार्ल्स

वॉट्सन, चार्ल्स : (१७१४–१६ ऑगस्ट १७५७). ब्रिटिश नौसेनाधिकारी व व्हाइस ॲडमिरल. तुळाजी आंग्रे याचे आरमार व विजयदुर्ग यांच्या पाडावामुळे मराठ्यांच्या, आणि कलकत्ता व चंद्रनगर येथील मोहिमांमुळे बंगालच्या इतिहासात त्याचे नाव येते. त्याचे वडील जॉन वॉट्सन हे वेस्टमिन्स्टर येथील धर्माधिकारी होते. नौदलाच्या कारभाराचा प्रमुख (फर्स्ट लॉर्ड) सर चार्ल्स वेजर हा त्याचा मामा होता. त्या काळी नौदलातील बढती कर्तृत्वाइतकीच वशिल्यावरही अवलंबून असे. १७२८ मध्ये नौदलात शिरलेला वॉट्सन १७३८ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, गार्लंड या युद्धनौकेचा कप्तान झाला, त्याला हे नाते कारणीभूत असावे. पुढची चढण मात्र त्याने स्वतःच्या बळावर चढली. तूलाँच्या लढाईत (१७४४) तो ड्रॅगन या नौकेवर होता. १७४७ मध्ये फिनिस्टर भूशिराजवळ फ्रेंचांविरुद्ध मे व ऑक्टोबर महिन्यांत झालेल्या दोन्ही लढायांत त्याने भाग घेतला. १७४८ च्या आरंभी त्याच्याकडे न्यू फाउंडलंड व उत्तर अमेरिका येथील नौदलाचे आधिपत्य आले व त्याच वर्षी तो रिअर ॲडमिरल झाला.

१७५४ मध्ये इंग्लंडच्या राजाचे एक आरमार घेऊन तो हिंदुस्थानकडे निघाला. कर्नाटकात फ्रेंचांशी चाललेल्या संघर्षात ईस्ट इंडिया कंपनीला साहाय्य करावे, हा त्यामागील उद्देश होता. या आरमाराबरोबरच राजाच्या सैन्यातील ३९ वी पायदळ पलटण हिंदुस्थानात आली. येथे येणारी ही राजाची पहिली पलटण होय. परंतु लवकरच फ्रेंच व इंग्रज कंपन्यांत तह झाल्याने या फौजफाट्याला काम उरले नाही. पेशव्यांच्या मदतीने दख्खनमधील फ्रेंचांवर चाल करण्याचा बेतही याच कारणामुळे बारगळला. त्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत येऊन थांबला होता. वॉट्सनही नोव्हेंबर १७५५ मध्ये मुंबईस आला. तेव्हा हाती असलेल्या या बळाचा उपयोग आंग्र्यांविरुद्ध करावा, असे मुंबईकर इंग्रजांनी ठरविले.

कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) याच्या काळापासून कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या दस्तकावाचून व्यापारी जहाजे सुखरूप जात नसत. विजयदुर्गावरील (घेरिया) १७२० मधील इंग्रजांचा हल्ला सपशेल फसला होता. इंग्रज लेखक आंग्र्यांना ‘चाचे’ म्हणत; वस्तुतः दस्तक देणे व जकात घेणे हा सागरी सत्तेचा हक्क पोर्तुगीज व इंग्रजही बजावीत होतेच. कान्होजीचा पुत्र तुळाजी शूर पण उद्दाम होता आणि पेशव्यांची सत्ता तो मानीत नसे. त्याला नमविण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी, कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत, मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. विजयदुर्गासमोर मोठ्या युद्धनौकांना पुरेल इतके खोल पाणी आहे, अशी पाहणीही पुढे त्यानेच करून दिली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉट्सन मुंबईहून निघाला. त्याचे निशाण केंट या नौकेवर होते. कंबरलंड, टायगर, सॉल्झबरी इ. राजाच्या नौका, कंपनीच्या नौका व क्लाइव्हच्या हाताखालील फौज त्याच्याबरोबर होती. निघण्यापूर्वीच मुंबईत बैठक होऊन लुटीची वाटणी ठरली. तीत मराठ्यांचा वाटा धरलेला नव्हता. क्लाइव्हला मात्र आपला वाटा कमी वाटला. तेव्हा कमी पडेल तेवढी रक्कम स्वतःच्या वाट्यातून देण्याची तयारी वॉट्सनने दाखविली. पुढे क्लाइव्हने ती घेतली नाही. इंग्रजांचे आरमार येताच तुळाजी किल्ला नातलगाच्या स्वाधीन करून मराठ्यांच्या छावणीत वाटाघाटीस गेला. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हाती जाईल, या शंकेने वॉट्सनने १२ फेब्रुवारीस तोफांचा मारा सुरू केला. दुपारी एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेल्या जहाजावर पडून ते पेटले. जहाजे एकमेकांना बांधून ठेवलेली असल्याने आग पसरत गेली. गुराबा, गलबते, बांधणीवर असलेली नवी जहाजे अशी तीन पिढ्यांची मिळकत काही तासांत जळाली. त्या रात्री क्लाइव्हने किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये फौज उतरविली आणि १३ तारखेस किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यांची माणसे फारशी कामी आली नाहीत. लूट मात्र सुमारे दहा लाख रुपयांची मिळाली.

केंटवरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्झ याने आपल्या प्रवासवृत्तात (१७७३) एक प्रसंग नोंदविला आहे. वॉट्सन किल्ल्यातील आंग्र्यांच्या कुटुंबीयांना भेटला. त्यांचा आक्रोश पाहून, आपणास यापुढे पित्यासमान माना, असे तो म्हणाला. तेव्हा एका लहान मुलाने त्याचा हात धरला व त्याला पिता म्हटले; वॉट्सनच्या डोळ्यांत पाणी आले. वॉट्सनच्या दयाळूपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या तोफांनी ते घर उद्‌ध्वस्त झाले, त्या त्याच्याच होत्या. तुळाजीने उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढले. विजयदुर्ग सोडण्यास इंग्रज प्रथम तयार नव्हते. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो पेशव्यांना मिळाला व बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पेशव्यांचे आरमार पुढे येथेच आनंदराव धुळपाच्या हाताखाली नांदले व १७८३ मध्ये त्याने इंग्रजांची रेंजर ही नौका पकडली. तरीही घरच्या बंडखोराला दंड करण्यासाठी परक्याचे आरमार बोलावण्याची पेशव्यांची चूक अक्षम्य होती, असेच बहुतेक मराठी इतिहासकारांचे मत आहे.

जून १७५६ मध्ये वॉट्सन व्हाइस ॲडमिरल झाला. त्याच महिन्यात सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले. मद्रासहून ऑक्टोबरमध्ये वॉट्सन व क्लाइव्ह बंगालकडे निघाले. वाटेत बजबजचा किल्ला स्ट्रॅहन नावाच्या एका मद्यधुंद खलाशाने भिंतीच्या खिंडारातून एकट्याने आत शिरून जवळजवळ जिंकून दिला. हुकमाविना केलेल्या या पराक्रमाबद्दल वॉट्सनला त्याला शिस्तीपुरते रागे भरावे लागले. २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत मिळाले. तेथे किल्ल्याचा अधिकार राजाच्या नौदलाचा की कंपनीच्या सेनापतीचा, यावरून दोघांत इतके वितुष्ट आले, की क्लाइव्हवर तोफा डागण्याची भाषा झाली. अखेर वॉट्सन स्वतः किनाऱ्यावर आला, तेव्हा क्लाइव्हने किल्ल्याचा ताबा त्याला दिला व वॉट्सनने तो कंपनीच्या अधिकाऱ्यांना सोपविला.

चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीवर २३ मार्च रोजी झालेला हल्ला वॉट्सनच्या कारकीर्दीतील सर्वांत कठीण होय. फ्रेंचांनी हुगळीच्या पात्रात जहाजे बुडवून वाट अडविली होती. त्यांतून मार्ग काढीत केंट व टायगर किल्ल्याच्या तटाला भिडल्या. किल्ला पडला, परंतु माणसांची मोठी हानी झाली आणि केंट पुन्हा समुद्रावर जाण्यायोग्य राहिली नाही.

त्यानंतर सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात अमीचंद या सावकाराला फसविण्यासाठी दोन तहनामे लिहिण्यात आले. लाल कागदावरील बनावट होता. खऱ्या तहनाम्यावर वॉट्सनने सही केली. खोट्यावर करण्याचे नाकारले. तेव्हा क्लाइव्हच्या सांगण्यावरून त्याची सही दुसऱ्याकडून करविण्यात आली. पुढे संसदेच्या चौकशीत, त्याची मूक संमती होती, असे क्लाइव्हने सुचविले. त्याचे खंडन करण्यास वॉट्सन हयात नव्हता. सही न करण्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो, पण फसवणूक उघड करण्यापर्यंत तो गेला नाही, हेही तितकेच खरे.

प्लासीच्या लढाईनंतर (२३ जून १७५७) दोन महिन्यांच्या आतच कलकत्त्याच्या हवेत तो आजारी पडून मरण पावला. तेथील सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. त्याच्यामागून आरमाराचे आधिपत्य जॉर्ज पोकॉक याच्याकडे आले. वॉट्सनच्या मुलाला १७६० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीने वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे स्मारक उभारले असून त्यावर घेरिया, कलकत्ता व चंद्रनगर या तिन्ही विजयांच्या तारखा कोरलेल्या आहेत.