सांध्यांची उमेदवारी

इंग्लंडात जनरल प्रॅक्टिशनराच्या वाट्याला एका रोग्यामागे साधारणतः दहा मिनिटे येतात, आणि हिवाळ्यात त्यांतली दोन-तीन तरी कोट, स्वेटर व त्याखालचे सदरे उतरवण्यातच खर्ची पडतात; दुखरा खांदा उघडा करून पाहण्याचा प्रघात तेथे मागे पडला, त्याचे एक कारण इतके साधे असावे असा माझा तर्क आहे. शिवाय वैद्यकाच्या अभ्यासक्रमात हृदय व फुप्फुसे यांच्यापुढे सांध्यांना मिळणारा अवधी तुटपुंजाच. परिणामी दुखणे हटेनासे झाले की अस्थिशल्यविशारदाच्या नावे चिठ्ठी लिहायची आणि ज्यांना शस्त्रक्रियेची मुळीच गरज नाही अशांनीही त्या दारी महिनोन्‌महिने ताटकळायचे, असा शिरस्ता पडला. २००० साली ब्रिटिश सरकारने आरोग्यसेवेचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात आपल्या समव्यवसायी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या स्वीकारणारे, एका विषयात विशेष तरबेज असे एक हजारापर्यंत जनरल प्रॅक्टिशनर तयार करण्याची तजवीज होती.

माझी आतेबहीण मिरजेत शिकून तिकडे गेली, बरीच वर्षे प्रॅक्टिस केली आणि मग सांधे-स्नायूंच्या विकारांची ही उमेदवारी पत्करली. रोग्यांच्या संमतीने काही दिवस कोपऱ्यात बसून ती पाहण्याची मुभा मला मिळाली. शिकवणारे गृहस्थ डॉ. जेम्स सिरियाक्स यांच्या परंपरेतले होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिरियाक्स (१९०४–१९८५) यांनी घालून दिलेली रीत वरकरणी पोरखेळासारखी दिसते: आधी रोग्याने आपला हात आपण हलवायचा; मग त्याने तो सैल सोडायचा आणि डॉक्टराने हलवायचा; शेवटी रोग्याने जोर लावायचा आणि डॉक्टराने तो हात तसूभरही सरकू न देता अडवून धरायचा. दुसऱ्या खेपेस हात सहज फिरला पण तिसऱ्या खेपेस कळ आली, तर दोष स्नायूत किंवा त्याच्या कंडरेत. आणि डॉक्टराने फिरवूनही फिरेना, त्यातही बाहेरच्या अंगाला सर्वांत कमी फिरला, तर संधिकोशच आखडलेला. मधुमेह्यांत विशेष आढळणारा ‘फ्रोझन शोल्डर’ तो हाच.

सुईची तालीम त्यानंतरची. पाठीमागून खांद्याच्या हाडाचा कोपरा अंगठ्याने चाचपायचा, पुढल्या बाजूचे चोचीसारखे हाड तर्जनीने धरायचे, आणि त्या कोपऱ्याच्या किंचित खाली व आतल्या अंगाला सुई टोचून तिचा रोख तर्जनीकडे ठेवायचा. “दादा, औषध आपोआप गेलं पाहिजे,” बहीण मला नंतर म्हणाली, “दाबावं लागलं की समजायचं, सुई कंडरेत रुतली, तिथे जोर करायचा नाही, मागे घ्यायची.” गुरुजी मात्र सुईचे कौतुक बेताचेच करीत. धूम्रपान करणाऱ्याच्या खांद्याची कळ फुप्फुसाच्या शेंड्यावरील अर्बुदाची असू शकते, खुब्याचा विकार गुडघ्यात दुखू शकतो, आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली व बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, हे ते फिरफिरून बजावीत. आणि माझ्या मते त्या शिक्षणाचा खरा कस येथेच लागतो, कारण सुई काही महिन्यांत हाती बसते, संशय मात्र सवयीने मुरावा लागतो.

एक साठीचे गृहस्थ एमआरआय हवाच म्हणून अडून बसले होते. त्यांचा हात पुरता फिरत होता, जोर लावताना तेवढी कळ येई. या वयात न दुखणाऱ्या खांद्याचे चित्र काढले तरी त्यात झीज आणि फाटलेली कंडरा दिसू शकते, तेव्हा चित्रावरून दुखण्याचा उगम ठरत नाही, असे बहिणीने शांतपणे समजावले आणि व्यायामाचा कागद हाती दिला. त्यांनी तो घेतला खरा, पण ‘एवढ्यासाठी इतके आठवडे वाट पाहिली’ असे पुटपुटत ते गेले. आणि ती तक्रार अगदीच गैरवाजवी होती, असे मला म्हणवत नाही.