महागडी गाडी, बदनाम मालक

दिल्लीत एखाद्या सिग्नलला बुटकी, चकचकीत, गुरगुरणारी स्पोर्ट्स कार येऊन थांबली की आजूबाजूच्या सगळ्या माना तिकडे वळतात. पोरे हात हलवतात, तरुण मोबाइलवर फोटो काढतात आणि शेजारच्या बसमधला कोणीतरी हमखास पुटपुटतो, ‘‘बाप का पैसा है!’’ गाडी कोणाची, तो काय करतो, ती कशी चालवतो, यातले काहीच कुणाला ठाऊक नसते. तरीही निकाल लागलेला असतो.

हा निकाल लोकांच्या मनात आपोआप उगवलेला नाही. वर्तमानपत्रे, वृत्तवाहिन्या आणि हिंदी चित्रपट यांनी वर्षानुवर्षे एकच चित्र रंगवले आहे. धनाढ्य घरातला बिघडलेला मुलगा, रात्रीची पार्टी, दारू, सुसाट गाडी आणि सकाळी दारात मोठा वकील. या चित्रात तथ्य अजिबात नाही, असे कोण म्हणेल? पण प्रत्येक महागड्या गाडीच्या मालकावर तेच चित्र चिकटवणे योग्य आहे का?

ठसा कुठून उमटला?

१० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका बीएमडब्ल्यू गाडीने पोलिसांच्या तपासणी नाक्यावर सहा जणांना चिरडले. त्यांपैकी तिघे पोलीस होते. गाडी चालवणारा संजीव नंदा हा माजी नौदलप्रमुखांचा नातू. रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या माग काढत पोलीस गोल्फ लिंक्समधल्या बंगल्यापर्यंत पोहोचले, तेव्हा तेथे गाडी धुतली जात होती.

पुढे साक्षीदार फिरू लागले. २००७ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने सरकारी वकील आणि बचाव पक्षाचे वकील यांच्या साक्षीदाराशी चाललेल्या गाठीभेटी उघड केल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दोघांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचाव पक्षाच्या वकिलावरील ठपका कायम ठेवला. नंदाचा खटला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. दोष कायम राहिला, भोगलेली कैद पुरेशी मानली गेली आणि ५० लाख रुपये भरण्याचा व दोन वर्षे समाजसेवेचा आदेश झाला.

पत्रकारांनी पिच्छा पुरवला नसता तर वकिलांचे हे प्रकरण दडपले गेले असते. माध्यमांचे हे श्रेय कोणी नाकारू नये. पण याच खटल्याने एक सवयही लावली. तो आजतागायत ‘बीएमडब्ल्यू केस’ म्हणूनच ओळखला जातो. मेलेल्या सहा जणांची नावे किती जणांना आठवतात?

मथळ्यात गाडी

ही सवय दिल्लीपुरती राहिली नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला आणि देशभर संताप उसळला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांनाही अटक झाली. या प्रकरणाचे नाव काय पडले? ‘पोर्शे कांड’! खरे प्रश्न होते अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी कोणी दिली, त्याला दारू कोणी पाजली आणि पुरावा कोणी बदलला. हे तिन्ही प्रश्न गाडी साधी असती तरी तितकेच गंभीर होते.

मालक की चालक?

३० मार्च २०२५ रोजी नोएडाच्या सेक्टर ९४ मध्ये एका लँबोर्गिनीने पदपथाजवळ दोन मजुरांना जखमी केले. ‘कोणी मेले का?’ असे विचारणाऱ्या चालकाची चित्रफीत घरोघरी पोहोचली. लोकांनी लगेच ‘श्रीमंत मालकाचा माज’ असा शिक्का मारला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मात्र गाडी मालक चालवत नव्हता. ती पाहायला आलेला गाड्यांचा एक दलाल चाचणीसाठी ती फिरवत होता. दोष चालकाचा, बदनामी एका अख्ख्या वर्गाची!

गंमत म्हणजे हीच माध्यमे चित्रपट पुरवणीत नटाच्या नव्या स्पोर्ट्स कारचे फोटो किमतीसह कौतुकाने छापतात. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी भेट मिळाली. पुढे तिच्या आयात शुल्कमाफीवरून वाद झाला, पण त्याला कोणी उडाणटप्पू म्हटले नाही. दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ दैनिकाची जुन्या गाड्यांची रॅली होत आली आहे. त्यातल्या मालकाला ‘रसिक’, ‘जाणकार’ म्हणून गौरवले जाते. म्हणजे गाडी जुनी तर मालक रसिक, गाडी नवी तर मालक माजोरडा!

ग्रेटर नोएडात २०११ मध्ये बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उभे राहिले. तेथे सलग तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. पाच किलोमीटरहून लांब असलेल्या या धावपट्टीवर शौकिनांनाही गाड्या पळवण्याची संधी मिळत आली आहे. वेगाची हौस रस्त्यावर नव्हे, धावपट्टीवर भागवणारे मालकही आहेत. पण त्यांच्या शिस्तीची बातमी होत नाही.

नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, कोट्यधीशांची थोडी बदनामी झाली तर बिघडले कुठे? बिघडते ते आपलेच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती आणि सुमारे ३३ हजार पायी चालणारी. सरकारी अहवालानुसार दर दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. इतकी माणसे काही स्पोर्ट्स कारनी मारली नाहीत. ट्रक, बस, जीप, साध्या मोटारी आणि दुचाकी यांच्या अपघातांत ती गेली. त्यांच्या बातम्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतात आणि त्यांच्या घरच्यांच्या खटल्यांकडे कॅमेरे फिरकतही नाहीत.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. बेदरकारपणा हा फक्त श्रीमंतांचा दुर्गुण आहे, असे मानले की बाकी सगळे निर्दोष ठरतात. पुण्याच्या त्या बापाला शिव्या देणारे कितीतरी पालक आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला स्कूटर देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. हा कायदा गाडीची किंमत विचारत नाही.

म्हणून पुढच्या वेळी मथळ्यात गाडीचे नाव दिसले, तर बातमीत आणखी काय आहे ते शोधावे. वेग किती होता, चालक कोण होता, परवाना होता का, जखमींना मदत मिळाली का? ही माहिती नसेल तर ती बातमी अपुरी आहे, हे ओळखावे. आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवल्यावर आपल्या घरातल्या किल्ल्या कोणाच्या हाती जातात, हेही एकदा पाहावे.