वुडस्टॉकच्या चिखलात सतार

गागोदे बुद्रुकसारख्या गावात ऑगस्टमध्ये डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. वुडस्टॉक संगीत महोत्सवाची गर्दी पाहून पंडित रविशंकरांना नेमक्या चिखलातल्या म्हशीच आठवल्या होत्या!

१५ ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेलचं दुभत्या जनावरांचं शेत. तिकिटं सुमारे १ लाख ८६ हजार विकलेली, माणसं आली ४ लाखांवर. कुंपण वेळेत उभंच राहिलं नाही, म्हणून कार्यक्रम फुकट जाहीर करावा लागला. रस्ते तुंबले, अन्न-पाणी अपुरं पडलं. त्या रात्री भर पावसात पंडितजी सतारीवर, तबल्याला मुंबईकर उस्ताद अल्लारखा, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. पुरिया धनाश्री, मग झपतालात तबला, शेवटी मांज खमाज. एवढ्या गोंधळात ही मैफल झाली, हेच केवढं मोठं!

१९७०मध्ये मायकेल वॉडलीचा ‘वुडस्टॉक’ चित्रपट आला, त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं आणि तो चिखल जगभर प्रेम-शांतीचं प्रतीक ठरला. पण चित्रपटाच्या त्या तीन तासांत सतार कुठेच नाही. ही उणीव खरंच खटकते.

पंडितजींचा जीव मात्र रमला होता त्याआधीच्या, १९६७च्या माँटेरी महोत्सवात. तिथली त्यांची मैफल दिग्दर्शक पेनेबेकरच्या ‘माँटेरी पॉप’मध्ये जरूर पाहा, चित्रपटाचा शेवटच तिच्यावर होतो.