बिऱ्हाड हलविताना झालेले नुकसान : दाद आणि दुरुस्ती

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. संसारी माणसाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. बदली झाली, भाड्याची मुदत संपली किंवा स्वतःचे घर झाले, की पलंग, कपाटे, भांडीकुंडी, पुस्तके आणि देव्हारा हे सर्व परक्या माणसांच्या हाती सोपवावे लागते. पूर्वी हे काम हमाल, बैलगाडी आणि रेल्वेची वाघीण यांच्याकडून होत असे. आज सामान बांधण्यापासून ते नव्या घरी मांडण्यापर्यंतचा मक्ता घेणाऱ्या पेढ्या शहरोशहरी आहेत. सोय वाढली, परंतु सामान मोडण्याचा संभव काही गेला नाही.

सामान मोडले म्हणजे बहुतेक घरांतून दोन चुका होतात. घरमालक हमालांशी कडाक्याने भांडतो, पण पावतीवर मात्र निमूटपणे सही करतो. आणि दुसऱ्या दिवशी सुतारास बोलावून मोडलेले सारे नीट करून घेतो. पहिल्या चुकीने तक्रारीचा आधार डळमळतो, दुसरीने पुरावाच नाहीसा होतो. आधी नोंद, मग मागणी आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम ज्याने पाळला, त्याच्या पदरात काही पडण्याचा संभव अधिक.

माल नेणाऱ्याची जबाबदारी हा विषय नवा नव्हे. ह्यासंबंधीचा कायदा ब्रिटिश अमदानीत १८६५ साली झाला. त्याची जागा रस्त्यावरील मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याने घेतली, व तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. भाडे घेऊन कोणाचाही माल मोटारीने नेण्याचा धंदा करणाऱ्यास तो लागू आहे. माल ताब्यात असताना मोडला, तर नेणाऱ्याने जबाब दिला पाहिजे, हे त्याचे मुख्य तत्त्व होय. हलगर्जीपणा कोणाचा व कोठे झाला, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर नाही. आणि तो यथार्थच आहे, कारण बंद गाडीत रात्री काय घडले हे मालकाला कसे कळावे? दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा कारणांनी नुकसान झाले तर नेणारा सुटतो. पण योग्य काळजी घेतली असती तर ते टळले असते असे दिसल्यास तेथेही सुटत नाही. रस्त्याला खड्डे फार होते, ही सबब ह्या यादीत बसत नाही.

मात्र ह्या हक्काला दोन मर्यादा आहेत. पहिली रकमेची. भरपाईची कमाल मर्यादा सामान्यतः भाड्याच्या दसपट असते, आणि ती माल पाठविताना जाहीर केलेल्या किमतीहून अधिक होऊ शकत नाही. समजा, पुण्याहून नागपूरला सामान नेण्याचे भाडे ३०,००० रुपये ठरले. दसपटीने मर्यादा ३ लाख रुपये झाली. पण मालकाने विम्याचा हप्ता वाचविण्यासाठी सर्व सामानाची किंमत ४०,००० रुपयेच लिहिली असेल, तर त्याची मजल ४०,००० पर्यंतच. चार पैसे वाचविण्याच्या नादात त्याने आपल्याच हाताने आपला हक्क आखडला. ज्याला दसपटीहून अधिक संरक्षण हवे, त्याने वाढीव जोखमीचा दर आधीच कबूल करून तसे लिहून घ्यावे.

दुसरी मर्यादा मुदतीची. दावा लावण्यापूर्वी नेणाऱ्यास नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल पाठविण्याची नोंद झाल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत. नुकसान लक्षात आल्यापासून हे दिवस मोजीत नाहीत. माळ्यावर टाकलेली काचसामानाची पेटी आठ महिन्यांनी दिवाळीला उघडली व आतला चुरा दिसला, तर तेव्हा हळहळण्यावाचून गत्यंतर नाही. यास्तव सर्व पेट्या पहिल्या आठवड्यातच उघडून पाहाव्यात.

विम्याबद्दल मोठा गैरसमज आढळतो. बिलात ‘विमा’ म्हणून रक्कम घेतली, एवढ्याने विमा उतरला असे होत नाही. विमा कंपनीने दिलेली पॉलिसी हाती आली पाहिजे, व तीत वस्तूंची यादी आणि किंमत असली पाहिजे. ४ लाखांचे सामान २ लाखांचे म्हणून उतरविले, तर २०,००० रुपयांच्या नुकसानीत कंपनी सामान्यतः त्याच प्रमाणात, म्हणजे १०,००० रुपये देते. कंपनीचा तपासनीस पाहून जाईपर्यंत मोडकी वस्तू व तिचे बांधकामही जसेच्या तसे ठेवावे. नेणाऱ्याविरुद्धचा मालकाचा हक्क भरपाईनंतर विमा कंपनीकडे जातो. मालकाने ‘सामान सुस्थितीत मिळाले’ असे लिहून तो हक्क आधीच दुबळा केला, तर कंपनीही हात आखडता घेते.

आता सामान पोहोचल्यावरची गोष्ट. निघण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या वस्तूची छायाचित्रे काढलेली असावीत. मोबाइलमुळे हे काम आता कठीण राहिलेले नाही. उतरविताना नग मोजावेत. बिल्टीवर किंवा पोचपावतीवर सही करण्यापूर्वी तीवरच स्वच्छ अक्षरात लिहावे : ‘कपाटाचा उजवा दरवाजा चिरला, आरसा फुटला; न उघडलेल्या पेट्यांची तपासणी बाकी.’ नंतर पाठविलेल्या दहा पत्रांहून ही एक ओळ अधिक मोलाची ठरते. हमालांची मजुरी मात्र अडवून धरू नये. करार पेढीशी झालेला असतो. बांधणी कच्ची असेल तर तो दोष पाठीवर ओझे वाहणाऱ्या गरिबाचा नव्हे.

मागणीच्या पत्रात बिल्टीचा क्रमांक, तारीख, मोडलेल्या वस्तूंची यादी, सुताराचा लेखी अंदाज आणि छायाचित्रे असावीत. पत्र पोचल्याचा दाखला ठेवावा. रक्कम वाजवी असावी. बारा वर्षे वापरलेल्या टेबलाला नव्या टेबलाची किंमत मागणारा आपली खरी मागणीही संशयात आणतो. पेढीने तडजोडीची रक्कम देऊ केली, तर ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ ह्या शब्दांवर विचार केल्यावाचून सही करू नये. कारण सांधा उघडल्यानंतरच आतली चीर दिसते, असा सुतारकामाचा अनुभव आहे.

पत्राने काम झाले नाही, तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तेथे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते, वकील देणे सक्तीचे नाही, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. तथापि ही दोन वर्षे आहेत म्हणून १८० दिवसांच्या नोटिशीची हयगय करू नये.

नोंद व मागणी झाली, की दुरुस्ती. येथे आधी लाकडाची जात ओळखली पाहिजे. जुन्या सागवानी किंवा शिसवी सामानाचे सांधे पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात. असा सांधा निखळला तर त्यात खिळा ठोकणे हे फार वाईट. हवेतील दमटपणाने लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. खिळा हलत नाही, म्हणून लाकूड चिरते. सरस उष्णतेने व ओलाव्याने मऊ होतो. तेव्हा सांधा अलगद सोडवावा, जुना सरस खरवडून काढावा, नवा लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवावा. बाजारातला पांढरा गोंद वापरावयाचा असेल तर खरवडणे अधिकच अगत्याचे, कारण तो लाकडात मुरला तरच धरतो, आणि जुना थर त्यास मुरू देत नाही.

पॉलिशचेही असेच. दडलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश. त्यावरील ओरखडा तेवढ्यापुरता भरता येतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो. आधुनिक कठीण पॉलिशवर ठिगळ दिसते. तेथे सबंध फळी पुन्हा करावी लागते, आणि अंदाजपत्रकात तसेच लिहावे. भिजलेले लाकूड सावलीत हळूहळू वाळवावे. उन्हात टाकल्यास ते वाकते. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट पाण्याने फुगले, तर ते पूर्ववत होत नाही. त्याच्या बाबतीत दुरुस्तीचा नव्हे, बदलीच्या वस्तूचा खर्च मागणे रास्त होय. उलट लोखंडी कपाटाचा दरवाजा लागेनासा झाला, तर मागणी करण्यापूर्वी जमीन पाहावी. ती पुष्कळदा उंचसखल असते, आणि पायाखाली पातळ पट्टी सारताच दरवाजा बिनतक्रार लागतो.

एक गोष्ट मात्र कोणताही आयोग भरून देऊ शकत नाही. पणजोबांच्या लिहिण्याच्या डेस्काची किंमत कायदा लाकडाच्या व वापराच्या हिशेबाने करील. घराच्या दृष्टीने तिचे जे मोल, ते त्या हिशेबात येत नाही. म्हणून अशा दोनचार वस्तू, शक्य असेल तर, घरच्या माणसांनी आपल्या नजरेखाली न्याव्यात. बाकीच्या संसारासाठी खरी किंमत लिहिलेली बिल्टी, सहीपूर्वीची एक ओळ आणि मुदतीतील एक नोटीस, एवढी सिद्धता ठेवली तरी पुरे आहे.